नौतपात गांडूळ कुठे जातं

बुऱ्हाणपूरच्या केळीपट्ट्यात घड कापणी चालू असली की सगळ्यांचं लक्ष ट्रककडे असतं. भाव काय निघाला, वजनात किती कटती लागली, गाडी आज भरणार की उद्या. पिलांवर घेतलेली पिलबागही संपली आणि बाग मोडायची वेळ आली की मात्र मागे उरलेल्या खोडांचं काय करायचं, हा प्रश्न एकट्या शेतकऱ्याचा असतो. केळीचं खोड म्हणजे लाकूड नव्हे. एकात एक गुंडाळलेली पानांची आवरणं, आणि त्यात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी. ओलं असताना पेटत नाही, उचलताना कंबर धरते. मग ते बांधावर पडतं, नाल्यात जातं, आणि उन्हाळ्यात वाळलं की त्याला काडी लागते. या ढिगांवरच माझा गांडूळ खताचा धंदा उभा राहिला. शहापूर, दापोरा, इच्छापूर या बाजूला मी खोडं आणि शेण गोळा करत फिरलो, शेड घातली, बेड भरले, खत विकलं, गांडुळंही विकली. खत कसं करायचं ते पहिल्या दोन-तीन हंगामांत समजलं. पुढची सगळी वर्षं ऊन आणि पाऊस समजून घेण्यात गेली.

आमच्याकडे एके काळी सरकारी योजनेतून सिमेंटच्या टाक्या मिळायच्या. टाकी बांधायची, तिच्याजवळ उभं राहून फोटो काढायचा, वरून थोडी गांडुळं सोडायची, की अनुदान जमा. टाक्या बहुतेक भिंतीला लागून, उघड्यावर. पहिला उन्हाळा लागला की गांडुळं नाहीशी व्हायची. “पळून गेली,” असं मालक सांगायचा, आणि त्याला ते खरंच वाटायचं, कारण टाकीत एकही मेलेलं गांडूळ दिसत नसे. गांडूळ पळून फार लांब जात नाही, बहुतेक तिथेच मरतं. त्याचं अंग इतकं मऊ असतं की मेल्यावर काही तासांत विरघळून बेडमध्ये मिसळून जातं. आजही गावोगाव त्या टाक्या आहेत. कुणी त्यात कडबाकुट्टी ठेवतं, कुणाच्या म्हशी पाणी पितात. टाक्या वाया गेल्या असं मी म्हणत नाही, म्हशींची सोय झाली. पण गांडूळ म्हणजे एकदा बसवलं की चालणारं यंत्र, अशी जी समजूत तेव्हा रुजली, ती अजून निघालेली नाही.

गांडुळाला फुप्फुसं नाहीत. ते कातडीने श्वास घेतं, आणि कातडी ओली असेल तरच हवा आत जाते. त्याच्या सगळ्या जगण्याची किल्ली ही एवढीच. बेड कोरडा पडला तर जीव गुदमरतो, आणि बेडमध्ये पाणी साचलं तरी गुदमरतो, कारण साचलेल्या पाण्यातली हवा संपते. वर उष्णतेचं गणित. आम्ही ज्याला नुसतं ‘आफ्रिकन’ म्हणतो त्या युड्रिलस युजेनीला २५ ते ३० अंश मानवतात. आयसेनिया फेटिडा थोडं चिवट, पण बेड ३५ च्या वर तापला की त्याचाही निकाल लागतो. आणि बुऱ्हाणपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जाणं काही नवीन नाही. त्यात कच्चं शेण स्वतःच तापतं. बाहेर ऊन आणि आत शेणाची आच, अशा दुहेरी भट्टीत लोक गांडुळं सोडतात आणि मग विकणाऱ्याला शिव्या घालतात. त्या मीही पुष्कळ खाल्ल्या आहेत.

मे अखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, म्हणजे नौतपात, दुपारी शेडमध्ये काय होतं ते सांगतो. वरचं आच्छादन उचललं की वरच्या थरात काहीच नसतं. बोट खुपसलं तर दोन पेरं आत कोमट लागतं, हात मनगटापर्यंत घातला तर थोडं गार. बेडच्या तळाशी, उत्तरेच्या कोपऱ्यात, जिथे फरशीची ओल धरलेली असते, तिथे गांडुळांचा लोळ सापडतो. एकमेकांत इतकी गुंतलेली की एक ओढलं तर पाच येतात. तब्येत बिघडलेलं गांडूळ लगेच ओळखू येतं. अंगावरची निळसर चमक जाते, अंग मध्येच फुगतं, मध्येच आकसतं, आणि ते बेडबाहेर निघू लागतं. ताडपत्रीच्या कडेला सकाळी वाळक्या सुतळीच्या तुकड्यांसारखी जी दिसतात, ती रात्री बाहेर निघालेली गांडुळं.

माझ्याकडे खकनार बाजूची एक कोरकू बाई कामाला होती. तिने कोणाला न विचारता केळीचं खोड उभं चिरलं आणि फाळके पालथे घालून अख्खा बेड झाकला. मला म्हणाली, गोणपाट दोन तासांत वाळतं, हे आठ दिवस वाळणार नाही. तिसऱ्या दिवशी एक फाळकं उलटं करून पाहिलं तर त्याच्या आतल्या जाळीदार भागात, जिथे पाणी धरून ठेवणारे कप्पे असतात, गांडुळं शिरून बसली होती. गार जागा आणि खाणं एकाच ठिकाणी. तेव्हापासून माझ्या शेडमध्ये उन्हाळ्यात गोणपाट नाही. पाण्याचंही तसंच. उन्हात पडलेल्या काळ्या नळीतून पहिल्यांदा जे पाणी निघतं त्याला हात लावून पाहावा. चहा टाकता येईल. ते दुपारी बेडवर सोडायचं नाही. रात्री, नळी गार झाल्यावर, झारीने.

हे झालं शेडमधल्या गांडुळाचं. ते पाळीव जनावर आहे. त्याला सावली, पाणी, खाणं आपण देतो, म्हणून ते जगतं. ते पृष्ठभागावरचा कुजका पालापाचोळा खाणारं. नुसत्या मातीत सोडलं तर टिकत नाही. शेतकरी ते किलोच्या भावाने नेतो, बागेत सोडतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा नेतो. विक्रेता म्हणून मला यात तक्रार असण्याचं कारण नव्हतं. पण शेतातल्या मातीत जे आधीपासून राहतं, त्याची ओळख व्हायला मला धंद्यात बरीच वर्षं काढावी लागली, आणि ती झाली ती एका पाइपलाइनच्या चारीमुळे.

रोहिणी चालू होत्या. एका आबांच्या शेतात चारी खोदत होतो. आबा जुन्या वळणाचे. बागेतली वाळलेली पानं कापून तिथेच दोन ओळींत अंथरणारे. कोपरभर खाली एक ढेकूळ फुटलं आणि आत बोराएवढी पोकळी दिसली. आतून गुळगुळीत, सारवल्यासारखी. तिच्यात एक गांडूळ स्वतःभोवती गाठ मारून बसलेलं. रंग फिका, हालचाल शून्य. मला ते मेलंच वाटलं. आबांनी ते तळहातावर घेतलं, बाटलीतलं थोडं पाणी शिंपडलं आणि आम्ही विडी-चहाच्या गप्पांना लागलो. काही वेळाने गाठ सैल झाली, एक टोक बाहेर आलं आणि बोटाच्या बेचक्यात शिरायला लागलं. आपल्याकडच्या कित्येक जातींची उन्हाळा काढण्याची ही रीत आहे. पोट रिकामं करायचं, खाली जायचं, अंगातल्या चिकट द्रवाने खोली लिंपायची, गोळा व्हायचं आणि ओल येईपर्यंत पडून राहायचं. आफ्रिकनला ही विद्या येत नाही.

बुऱ्हाणपूरच्या माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये. १६१५ मध्ये अब्दुल रहीम खानखानाच्या कारकिर्दीत इथे कुंडी भंडारा झाला. सातपुड्याच्या पायथ्याचं पाणी जमिनीखालच्या बोगद्यांनी गावात आणलं, वर शंभरावर कुंड्या. भर उन्हाळ्यात त्यात उतरलं की अंगावर काटा येतो. वर कितीही तापलं तरी खालची माती आपलं तापमान सहसा सोडत नाही, हे त्या कारागिरांना ठाऊक होतं आणि गांडुळाला त्याच्याही आधीपासून.

अडचण पुढे आहे. खाली झोपलेलं गांडूळ तारीख पाहत नाही, ओल पाहतं. मृगाचा पाऊस लागायचा, माती वीतभर भिजायची, मागून आर्द्रा यायच्या, आणि वर आलेल्या गांडुळाला पुढचे तीन-चार महिने खायला-प्यायला मिळायचं. पूर्वी सगळं वेळेवर व्हायचं असं मी म्हणणार नाही. लबाड मृग आमच्या वडिलांनीही पाहिले. पण हल्ली मे महिन्यात जी वादळं येतात, उभ्या बागा आडव्या करून जातात, ती सोबत एक-दोन चांगल्या सरी टाकतात. माती भिजते. खालच्याला वाटतं बोलावणं आलं. ते गाठ सोडतं, वर येतं, आणि चौथ्या दिवशी पुन्हा तेच ४४-४५ चं ऊन. अशा एका वादळानंतर मी त्याच आबांच्या शेजारच्या उघड्या शेतात गेलो होतो. भेगांच्या काठावर पोरगेली गांडुळं वाळून कडक झालेली. लिंपलेली खोली दुसऱ्यांदा करायला अंगात जी शिदोरी लागते ती त्यांच्याकडे नव्हती.

खरा पाऊस लागतो तेव्हाही तो हप्त्याने येत नाही, एकरकमी येतो. हे नुसतं म्हाताऱ्यांचं गाऱ्हाणं नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या टापूवर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. मध्य भारत म्हणजे आम्हीच. असा पाऊस काळ्या जमिनीवर पडला की माती फुगते, भेगा मिटतात, पाणी तुंबतं, आणि मातीतली हवा संपली की गांडुळं बाहेर येतात. सकाळी डांबरी सडकेवर पसरलेली दिसतात. वरून बगळे आणि मैना, खालून मोटारसायकली.

आता उलट बाजूने पाहू. गांडुळं जिथे टिकतात तिथे हाच पाऊस वेगळा वागतो. तेलाच्या डब्याचा तळ कापून मी एक पत्र्याचं कडं केलं होतं. ते जमिनीत चार बोटं रोवायचं, वरून बादलीभर पाणी ओतायचं आणि पाहत बसायचं. आबांच्या बागेत, पानांच्या आच्छादनाखाली, पाणी घटाघट उतरलं. पृष्ठभागावर गांडुळांच्या विष्ठेच्या बारीक गोळ्यांचे ढीग आणि खाली जाणारी बिळं उघड्या डोळ्यांनी दिसत होती. शेजारी, तीच जमीन, तोच पाऊस, फक्त पानं जाळलेली आणि सूत्रकृमीसाठी वर्षानुवर्षं कार्बोफ्युरान टाकलेलं. तिथे कड्यातलं पाणी तसंच उभं. आम्ही चहा घेऊन आलो तरी बरंच शिल्लक होतं. कार्बोफ्युरान गांडुळाला जहर आहे, हे दुकानदार सांगत नाही आणि शेतकरी विचारत नाही. डार्विनने १८८१ साली गांडुळांवर अख्खं पुस्तक लिहिलं. इंग्लंडमध्ये पुष्कळ ठिकाणी एकरी दहा टनांहून जास्त कोरडी माती दर वर्षी त्यांच्या पोटातून वर येते, असा त्याचा हिशेब होता. आमच्या काळ्या जमिनीत तो आकडा किती भरेल ते बाजूला ठेवा, पण कड्यातलं पाणी पाहिल्यावर त्या म्हाताऱ्याला एवढं कुतूहल का वाटलं असेल ते कळतं.

मग एका प्रशिक्षणात मला एक पोरगा भेटला. कृषी महाविद्यालयात शिकणारा, आमच्याच भागातला. माझं भाषण झाल्यावर उभा राहिला आणि म्हणाला, “काका, तुम्ही पर्यावरणाचं बोलता, पण तुमची गांडुळं हवा तापवतात.” सभागृह हसलं. मला राग आला. त्याने नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेन विद्यापीठातल्या संशोधकांचा २०१३ चा लेख दाखवला. अनेक प्रयोगांचे आकडे एकत्र करून त्यांनी काढलेला निष्कर्ष असा की गांडुळं असलेल्या मातीतून नायट्रस ऑक्साइड ४२ टक्के आणि कार्बन डायऑक्साइड ३३ टक्के जास्त निघतो. नायट्रस ऑक्साइड म्हणजे साधी गोष्ट नव्हे. शंभर वर्षांच्या हिशेबात तो वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवतो. कारण ऐकल्यावर पटण्यासारखं आहे. गांडुळाचं आतडं ओलं, आत प्राणवायू नाही, नत्र भरपूर. असल्या जागी नत्राचा वायू करणारे जिवाणू जोमाने काम करतात.

त्या पोराशी पुढे मैत्री झाली. त्यानेच नंतर दुसरी बाजूही आणून दिली. त्याच वर्षी चीनमधल्या अभ्यासकांनी मांडलं होतं की गांडूळ कार्बन मोकळा करतं तसं त्याला मातीच्या कणांत बांधूनही ठेवतं, आणि बांधण्याचा वेग सोडण्यापेक्षा जास्त असू शकतो. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडोच्या संशोधकांनी जगाच्या धान्य उत्पादनातला सुमारे साडेसहा टक्के वाटा गांडुळांच्या खात्यावर टाकला. म्हणजे वाद मिटलेला नाही. माझं मत विचाराल तर, गांडुळाला निर्दोष ठरवायची गरजच नाही. प्रश्न इतकाच की तेच खोड, तेच शेण गांडुळाला दिलं नाही तर त्याचं काय होणार? आमच्याकडे त्याचं उत्तर डोळ्यांसमोर आहे. शेतात जळणार, नाही तर नाल्यात हवेवाचून सडून मिथेन होणार.

पण त्या पोराच्या बोलण्याने माझ्या बेडवर फरक पडला. नायट्रस ऑक्साइडला लांबून कळेल असा वास नसतो, अमोनियाला असतो. ज्या शेडमध्ये शिरताच नाक चुरचुरतं तिथे नत्र हवेत चाललंय एवढं नक्की, आणि ते शेतकऱ्याच्या पैशाने चाललंय. आता शेणात कपाशीच्या पऱ्हाट्यांचा भुगा, तुरीचं कुटार, केळीची वाळकी पानं जास्त मिसळतो. पाणी मुठीचा अंदाज घेऊन. मूठ दाबली तर ओल जाणवावी, थेंब गळू नयेत. खताचा रंग पूर्वीइतका काळाभोर येत नाही, त्यामुळे दोन-चार गिऱ्हाइकं तुटली. मध्यंतरी एक जण कार्बन क्रेडिटचा प्रस्ताव घेऊन आला होता. शेडमधून किती वायू निघतो, हे कधी मोजलंय का, असं मी विचारल्यावर त्याने विषय बदलला.

शाळेत आपण ‘गांडूळ शेतकऱ्याचा मित्र’ असं घोकलं. उत्तर अमेरिकेच्या उत्तरेकडच्या जंगलांत हिमयुगानंतर गांडुळं नव्हतीच. युरोपातून आलेल्या रोपांच्या मातीबरोबर, गळाला लावायच्या आमिषाबरोबर ती तिथे पोचली आणि हजारो वर्षं साचलेला पानांचा थर खाऊन जंगलाची जमीनच बदलून टाकली. तिकडे त्याला कुणी मित्र म्हणत नाही. अलास्काच्या हिमनद्यांत बारीक काळे कृमी राहतात, गांडुळाच्याच गोतातले. ते शून्य अंशाच्या आसपासच जगतात आणि त्यांची जागा वितळत चाललीय. २०१९ मध्ये जगभरातल्या जवळपास सात हजार ठिकाणांची माहिती एकत्र करून अभ्यासकांनी पाहिलं, तर कुठे किती आणि कोणती गांडुळं असणार हे मातीच्या गुणांपेक्षा पाऊस आणि तापमानच जास्त ठरवतात, असं निघालं. हे वाचलं तेव्हा मला सिमेंटच्या टाक्या बांधायचा निर्णय घेणाऱ्यांची आठवण झाली. त्यांनी सगळं पाहिलं होतं, सावली सोडून.

अलीकडे मी गांडुळं विकणं कमी केलंय. खत विकतो, आणि ऐकणारा असेल तर आच्छादनाचं सांगतो. तिथेही सगळं सरळ नाही. आमच्याकडे करपा रोगाचं आणि सीएमव्ही या विषाणूचं संकट मोठं आहे. रोगट पानं कापून बागेबाहेर न्या, सीएमव्हीचं झाड दिसलं की उपटून नष्ट करा, हा सल्ला बरोबर आहे. मीही असली झाडं शेडमध्ये घेत नाही. पण या सल्ल्याआडून निरोगी पानंही पेटतात. आबांच्या शेजारच्या त्या शेतकऱ्याशी माझं यावरून दोन वर्षं चाललंय. तो म्हणतो, तुमच्या गांडुळापायी माझा घड गेला तर भरून देणार कोण? मी म्हणतो, सीएमव्ही मावा पसरवतो, वाळलेलं पान नाही; करप्याचं पान बाहेर ने, बाकीचं राहू दे. तो म्हणतो, मजूर एवढं निवडत बसतो का? याला माझ्याकडे उत्तर नाही, मजुरीचे दर मलाही माहीत आहेत.

यंदा त्याने निम्म्या बागेत निवडून पानं ठेवलीत, निम्म्यात नेहमीसारखी जाळलीत. मृग लागला आणि चांगला वाफसा आला की दोन्हीकडे कडं रोवून पाहायचं ठरलंय. कडं माझं, पाणी त्याच्या बोअरचं. बोअर तोवर चालू राहिला तर.